शिदोच्या समुद्रांतील रत्न : एका जपानी दंतकथेचें व तिच्यावरील चित्रांचें परीक्षण

(१)

जुने कागद जमविणाऱ्यास कागदांच्या जोडीनें न मागितलेल्या वस्तूही पदरांत घ्याव्या लागतात. आमच्या एका स्नेह्यांस मोडी कागदांच्या एका रुमालाबरोबर असेंच एक जपानी ठसाचित्र मिळालें. कमरेपर्यंत उघडी अशी एक स्त्री एका हातांत शस्त्र व दुसऱ्या हातांत तेजस्वी गोल घेऊन लाटांतून पळत आहे आणि तिच्या पाठीस एक भयंकर सर्पाकार प्राणी लागला आहे, असा त्यांतील देखावा. चित्र आमच्यापुढें ठेवून स्नेही म्हणाले, "गुरुजी, ही आपल्या पुराणांतील एखादी नागकन्या दिसते. हिची गोष्ट कोठें सांपडेल तेवढें सांगा." गोष्ट आम्हांस ठाऊक होती. नागकन्येशीं तिचा संबंधही आहे. पण स्नेह्यांस वाटला तसा नव्हे. चित्रांतील स्त्री नागकन्या नाहीं. ती समुद्रावर पोट भरणारी एक कष्टकरी बाई आहे. हें चित्र व त्या जातीचीं दुसरीं चित्रें पाहणाऱ्यास ही गोष्ट कळूं देत नाहींत, हीच त्यांच्याविषयीं आमची मुख्य तक्रार आहे.

प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, या दंतकथेंतील इतिहास खोटा असला तरी तींतील धंदा खरा आहे. आणि ज्या चित्रांस लोक डोळ्यांनीं पाहिलेला पुरावा समजतात त्यांतून तोच धंदा बहुतेक गळून गेला आहे. संशोधकानें दंतकथा टाकून द्यावी व चित्र जपून ठेवावें अशी आपल्यांतील सर्वसाधारण रीत आहे. या एका उदाहरणापुरती तरी ती उलटी करावी लागते.

(२)

समुद्राच्या तळाशीं बुडी मारून शिंपले व खाण्याजोगें शेवाळ काढणाऱ्या स्त्रियांस जपानांत 'अमा' म्हणतात. हवा पुरविणारें कोणतेंही यंत्र त्या वापरीत नाहींत; छातींत मावेल तेवढ्या श्वासावर सारें काम. त्यांचें मुख्य धन म्हणजे 'आवाबी', अर्थात् एकाच कवचाचा, कानाच्या आकाराचा, खडकास घट्ट चिकटून राहणारा मोठा शिंपला. इसे, शिमा, नोतो वगैरे किनाऱ्यांवर हा धंदा आईकडून मुलीकडे व सासूकडून सुनेकडे चालत आलेला आहे.

'अमा' याच नांवाचें एक नोह नाटक आहे. त्याचा कर्ता निश्चित नाहीं. पंधराव्या शतकाच्या आरंभीं तें रंगभूमीवर होतें एवढें खास. त्याचें कथानक थोडक्यांत असें : फुजिवारा कुळांतील मंत्री फुसासाकी यास आपली आई सानुकी प्रांतांतील शिदो येथील एक अमा होती असें कळतें. तिचें श्राद्धकर्म करावें म्हणून तो लवाजम्यासह शिदोच्या किनाऱ्यावर येतो. तेथें हातांत विळा व शेवाळ घेतलेली एक स्त्री भेटते. सेवक तिला काम सांगतो : पाण्यांतील चंद्रबिंब धन्यास नीट दिसत नाहीं, शेवाळ आड येतें, तें कापून काढ. प्रवासी भुकेले आहेत असें वाटून ती आधीं हातांतलें शेवाळच त्यांस खावयास देऊं करते. मग काम समजल्यावर म्हणते कीं, पूर्वींही एका अमेस येथें असेंच बुडी मारण्यास सांगितलें होतें.

ती जुनी हकीकत ती सांगते. चीनच्या सम्राटास दिलेल्या फुजिवारा कन्येनें आपल्या कुळाच्या कोफुकुजी या मंदिरासाठीं तीन अमोल वस्तु पाठविल्या. त्यांत एक रत्न होतें. त्यांतील बुद्धमूर्ति कोणत्याही बाजूनें पाहिलें तरी पाहणाऱ्याच्या सन्मुख दिसे. शिदोच्या समुद्रांत नागांनीं तें हरण केलें. कुळाचा प्रमुख फुहितो वेष पालटून शिदोस आला, त्यानें एका अमेशीं संबंध जोडला व तिला मुलगा झाला. मग त्यानें रत्नाची गोष्ट काढली. अमेनें विचारलें, रत्न आणलें तर हा मुलगा तुमचा वारस होईल काय? होकार मिळतांच तिनें कमरेस दोरी बांधली. रत्न हातीं आलें कीं मी दोरी हालवीन, तेव्हां सर्वांनीं मिळून ओढा, असें सांगून सुरी घेऊन ती समुद्रांत उतरली. तळाशीं नागराजांच्या पहाऱ्यांत असलेल्या मनोऱ्यांतून तिनें रत्न उचललें. नाग पाठीस लागले. आधींच ठरविल्याप्रमाणें तिनें सुरीनें आपल्या स्तनाखालीं छेद घेतला, रत्न आंत दडविलें व ती निश्चेष्ट झाली. नागलोकीं प्रेताचा विटाळ मानितात. म्हणून कोणी जवळ आलें नाहीं. दोरी हालली, वरच्यांनीं ओढली. प्रेत वर आलें. स्त्रीही गेली व रत्नही गेलें असें वाटून फुहितो शोक करूं लागला, तों जखमेंत रत्न सांपडलें.

हें सांगणारी स्त्री म्हणजे त्या आईचेंच भूत होय. उत्तरार्धांत मुलगा सद्धर्मपुंडरीक सूत्राचा पाठ करवितो, आई नागस्त्रीच्या रूपानें हातांत सूत्राची गुंडाळी घेऊन प्रकट होते, नृत्य करते व तिला बुद्धत्व प्राप्त होतें.

(३)

या कथेचा इतिहास म्हणून विचार करूं लागल्यास ती क्षणभरही टिकत नाहीं. फुजिवारा नो फुहितो (इ. स. ६५९–७२०) व फुसासाकी (इ. स. ६८१–७३७) या दोन्ही व्यक्ति ऐतिहासिक आहेत, परंतु फुसासाकीची आई सोगा या थोर घराण्यांतील होती, शिदोची अमा नव्हे. तांग सम्राटाची राणी झालेली फुजिवारा कन्याही इतिहासास ठाऊक नाहीं.

मग ही कथा कोणीं व कां रचली? शिदो येथील मंदिर हें शिकोकु बेटावरील अठ्ठ्याऐंशीं क्षेत्रांच्या यात्रेंत शाहाऐंशींवें आहे. त्या मंदिराच्या उत्पत्तीचे मध्ययुगीन चित्रपट प्रसिद्ध आहेत आणि अमेची समाधि म्हणून दाखविण्यांत येणारें स्थळही मंदिराच्या आवारांत आहे. आपल्याकडील क्षेत्रमाहात्म्यें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस अधिक सांगणें नको. दूरच्या किनाऱ्यावरील देवस्थानास राज्यांतील सर्वांत प्रबळ घराण्याशीं नातें जोडावयाचें असतें व त्यासाठीं एक कथा पुरते. येथील विशेष एवढाच कीं, नातें जोडण्यासाठीं कथाकारास किनाऱ्यावर जें सर्वांत सहज सांपडलें तें त्यानें घेतलें. आणि तें म्हणजे तेथील बायकांचें रोजचें काम.

फुसासाकीपासूनच फुजिवारांची उत्तरेकडील शाखा निघाली, व पुढें शतकानुशतकें सम्राटांचे कारभारी त्याच शाखेंतून झाले. अशा कुळाच्या मुळाशीं एका बुडी मारणाऱ्या बाईस बसविणें ही लहान गोष्ट नव्हे. कुळपरंपरा पुरुषांच्या नांवांनीं लिहिली जाते; दंतकथेनें त्या नांवांच्या खालीं एका स्त्रीची मजुरी लिहून ठेविली.

(४)

आतां धंद्याकडे वळूं. कथेंतील दोरी ही कवीची कल्पना आहे काय? नाहीं, आणि याचा पुरावा नाटकापूर्वीं सुमारे चारशें वर्षांचा आहे.

इ. स. १००० च्या सुमारास जपानी सम्राज्ञीच्या पदरीं असलेल्या सेइ शोनागोन या विदुषीनें 'माकुरा नो सोशी' या नांवाचें टिपणवजा पुस्तक लिहिलें. त्यांत समुद्राच्या भयाविषयीं लिहितां लिहितां ती अमांकडे वळते. तिचें म्हणणें असें : कमरेची दोरी तुटली तर या बाईनें काय करावें? पुरुष हें काम करीत असते तर एक वेळ चाललें असतें. पण पुरुष नावेंत बसून गाणीं गातात व दोरी पाण्यावर सोडून हिंडतात. त्यांस भय कसें वाटत नाहीं? वर यावयाचें झालें कीं बाई दोरी हालविते व ते घाईघाईनें ओढूं लागतात. नावेचा कांठ धरून तिनें सोडलेला श्वास ऐकून नुसत्या पाहणाऱ्याचे डोळे भरून येतात. मग तिला पाण्यांत लोटून वर तरंगत राहणाऱ्या पुरुषांस काय म्हणावें!

हा उतारा आम्ही फार मोलाचा समजतों. यांत दोरी आहे, दोरी हालविण्याची खूण आहे, ओढणारे पुरुष आहेत आणि पाण्याबाहेर येतांच सोडलेला श्वासही आहे. या श्वासाची शीळ आजही अमांच्या किनाऱ्यावर ऐकूं येते. तिला जपानींत 'इसोबुए' असें नांव आहे. नाटकांतील बुडीची सर्व सामग्री येथें आहे. फक्त नाग व रत्न नाहींत. तेव्हां कथाकारानें धंदा जसाच्या तसा घेतला व शिंपल्याच्या जागीं रत्न ठेविलें, असाच निष्कर्ष निघतो.

अर्वाचीन काळांतही ही रचना टिकून राहिली. किनाऱ्यावरून पोहत जाऊन उथळ पाण्यांत बुडी मारणाऱ्या अमांस 'काचिदो' म्हणतात. नावेंतून खोल पाण्यांत उतरणाऱ्यांस 'फुनादो'. फुनादो स्त्री जड वजन धरून झपाट्यानें तळाशीं जाते. तिच्या कमरेची दोरी नावेंत असलेल्या पुरुषाच्या हातीं असते आणि हा पुरुष बहुधा तिचा नवरा असतो. एका बुडीस सुमारे पन्नास सेकंद. तेवढ्यांत तळ गांठावयाचा, खडकाची खांच शोधावयाची, लोखंडी पट्टीनें आवाबी एका झटक्यांत उचकटावयाची व दोरी हालवावयाची. हात चुकला तर शिंपला खडकास अधिकच आवळून बसतो. ज्याच्या हातीं दोरी त्याच्या हातीं जीव, म्हणून तें टोंक परक्याकडे देत नाहींत. सेइ शोनागोनच्या टीकेस किनाऱ्यावरील कुटुंबांनीं दिलेलें हेंच उत्तर होय.

आणखी एक प्रकारचा पुरावा संग्राहकांच्या आवडीचा आहे. नारा येथील प्राचीन राजवाड्याच्या उत्खननांत लांकडी पट्ट्या सांपडल्या. करादाखल आलेल्या मालास त्या बांधलेल्या असत, आणि त्यांतील कांहींवर आवाबीची नोंद आहे. पण आठव्या शतकांतील कायद्याप्रमाणें हा जिनसी कर प्रौढ पुरुषांवर बसत असे. म्हणून पट्टीवर नांव यावयाचें तें पुरुषाचें. शिंपला तळावरून कोणीं आणला तें पट्टी सांगत नाहीं. तोबा जवळील शिराहामा येथील प्राचीन वसाहतींत आवाबी उचकटण्याचीं, सांबराच्या जातीच्या प्राण्याच्या शिंगाचीं हत्यारें मिळालीं आहेत. तींही हात कोणाचा होता तें सांगत नाहींत. अस्सल कागद व अस्सल वस्तु जेथें मुक्या होतात तेथें एका दरबारी स्त्रीची खाजगी वही व एक खोटी दंतकथा बोलतात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. फार काय, या नाटकाचें नांवही चिनी अक्षरांत लिहितांना एक संप्रदाय पुरुष पाणबुड्यास योग्य अशीं अक्षरें योजितो व इतर संप्रदाय 'समुद्रावरील माणूस' अशा अर्थाचीं. 'समुद्रावरील स्त्री' असें कोणीच लिहीत नाहीं.

(५)

कथेंतील दुसरा खरा अंश म्हणजे विटाळाची समजूत. नाग प्रेतास शिवत नाहींत, म्हणून अमा स्वतःस प्रेत करते. स्त्रीस दूर ठेवण्यासाठीं विटाळाचा उपयोग करणें आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. येथें एक स्त्री तोच विटाळ शस्त्रासारखा वापरते. या धंद्यांतील समजुती ज्यांनीं जवळून पाहिल्या त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

शिमा प्रांतांतील अमा डोक्याच्या फडक्यावर व हत्यारांवर दोन चिन्हें काढतात. एक पंचकोनी तारा. त्यास 'सेइमान' म्हणतात. दुसरें उभ्याआडव्या रेघांची जाळी. तिला 'दोमान' म्हणतात. हीं नांवें आबे नो सेइमेइ व आशिया दोमान या जुन्या मांत्रिकांवरून आलीं असें मानितात. पूर्वीं हीं चिन्हें समुद्रांतील एका शंखापासून काढलेल्या जांभळ्या रंगानें रेखीत. ताऱ्याचा अर्थ अमा असा सांगतात कीं, रेघ जेथून निघते तेथेंच परत येऊन मिळते. तसें बुडी मारणारीनें परत यावें. जाळीला अनेक डोळे आहेत. त्यांपुढें दुष्ट शक्तीचा शिरकाव होत नाहीं.

हीं चिन्हें ज्या भुतापासून रक्षण करतात त्याचें नांव 'तोमोकाझुकी'. ढगाळ दिवशीं पाण्याखालीं अमेस दुसरी एक अमा दिसते. तोच चेहरा, तोच पोषाख. मात्र तिच्या डोक्याच्या पट्टीचें टोंक अधिक लांब. ती हंसते, जवळ बोलाविते व आवाबी पुढें करते. घ्यावयास गेलेली परत येत नाहीं. घेणें भागच पडलें तर पाठ फिरवून, हात मागें करून घ्यावें असें सांगतात.

यास निव्वळ भोळसटपणा म्हणून सोडून देणें आम्हांस मान्य नाहीं. श्वास संपत आला असतां पुढें दिसणारा आणखी एक शिंपला, हेंच या धंद्यांतील मरणाचें नेहमींचें कारण. तें मरण स्वतःच्याच चेहऱ्यानें येतें, कारण तेथें लोभाशिवाय दुसरा शत्रु नसतो. नव्या मुलीस हा नियम शब्दांत सांगितला तर ती विसरेल. भूत सांगितलें तर विसरणार नाहीं. कथेंतील अमेनें नागलोकीं जाऊन रत्न आणलें, पण ती जिवंत परतली नाहीं. किनाऱ्यावरील श्रोत्या स्त्रियांस तींत तोमोकाझुकीचीच छाया दिसत असली पाहिजे.

याच्या शेजारीं दुसरी एक समजूत ठेवून पाहावी. जपानी कोळ्यांच्या नावेंत 'फुनादामा' ही देवता असते. ती स्त्रीदेवता असून तिच्या स्थापनेंत स्त्रीचे केस, नाणीं, फांसे वगैरे ठेवीत. ती मत्सरी असल्यामुळें एकट्या स्त्रीनें नावेंत बसूं नये, असा अनेक किनाऱ्यांवरील पुरुषांचा नियम. म्हणजे नावेंत स्त्रीचे केस चालतात, स्त्री चालत नाहीं! अमांच्या गांवांत मात्र नाव बाईसाठींच निघते व नवरा दोरी धरून बसतो. कामानें जेथें स्त्रीस नावेंत बसविलें तेथें समजूत मुकाट्यानें बाजूस सरली. समजुती अचल असतात हें मत यामुळें पुन्हां तपासावें लागेल.

(६)

आतां आमच्या स्नेह्यांच्या नागकन्येकडे येऊं. सद्धर्मपुंडरीक सूत्रांत सागर नागराजाच्या आठ वर्षांच्या कन्येचें आख्यान आहे. मंजुश्रीनें समुद्रांत केलेल्या उपदेशानें ती बोधीस पात्र झाली. शारिपुत्र शंका घेतो कीं स्त्रीस पांच स्थानें अप्राप्य असतां हें कसें घडावें? तेव्हां ती एक अमूल्य रत्न बुद्धास अर्पण करते, बुद्ध तें स्वीकारतो, आणि सर्वांच्या देखत तिचें स्त्रीत्व नाहींसें होऊन ती दक्षिण दिशेच्या विमला नामक लोकांत बुद्ध होते. कर्न व नांजिओ यांनीं १९०८ ते १९१२ या काळांत प्रसिद्ध केलेल्या संस्कृत प्रतींत हें आख्यान अकराव्या परिवर्तांत येतें. चिनी परंपरेंत त्याचें स्वतंत्र बारावें प्रकरण आहे, इ. स. ४०६ मधील कुमारजीवाच्या मूळ भाषांतरांत तें नव्हतें, मागाहून घातलें गेलें. पाठभेदांचा नाद असलेल्या वाचकांनीं हें अवश्य पाहावें. 'नाग' या शब्दासाठीं चिनी भाषांतरकारांनीं आपल्याकडील चतुष्पाद, मिशाळ जलप्राण्याचें नांव योजिलें. म्हणून जपानी चित्रांतील नाग आपणांस अनोळखी वाटतो.

नाटककारानें हें आख्यान घेऊन उलटें केलें. सूत्रांत नागकन्या आपणहून रत्न देते. नाटकांत नाग रत्न चोरतात व मनुष्यस्त्री तें परत आणते. सूत्रांत रत्न देतांना शरीरास इजा नाहीं, फक्त स्त्रीत्व जातें. नाटकांत रत्नासाठीं स्त्रीचें शरीर फाडलें जातें. आणि शेवटीं ज्या नागांनीं तिचा पाठलाग केला त्यांच्याच रूपांत ती मुक्त होते. संस्कृत ग्रंथांतील एका शंकेस दूरच्या बेटावरील कोळी स्त्रियांच्या धंद्यानें असें उत्तर द्यावें, हें आम्हांस मोठें अद्भुत वाटतें.

तथापि नाटकाचा पूर्वार्धच श्रेष्ठ आहे, हें आमचें स्पष्ट मत. उत्तरार्धांत पुत्राचें पुण्य व सूत्राचा महिमा यांत आई विरघळून जाते. दोरी, विळा, शेवाळ हीं सर्व मागें पडतात. पूर्वार्धांतील शेवाळ कापण्याचा प्रसंग मात्र साधा दिसतो तितका साधा नाहीं. मुलगा आईच्या श्राद्धास आला आहे, आणि आई समोर उभी राहतांच त्याच्या माणसांनीं तिला काम सांगितलें आहे, तेंही चंद्रबिंब पाहण्याच्या हौसेसाठीं! ती मात्र आधीं त्यांच्या भुकेची चौकशी करते. बापानें जें एकदां करविलें तेंच मुलाकडून नकळत घडतें. फुसासाकीची भूमिका बालनटाकडे देण्याची रीत आहे, त्यामुळें हा प्रसंग अधिकच लागतो. वैभव कोणाच्या श्रमावर उभें आहे हें वैभव भोगणाऱ्यास ठाऊक नसतें, एवढी गोष्ट कवीनें एकही कठोर शब्द न योजितां सांगितली आहे.

रंगभूमीवर ही बुडी कशी दाखवितात तेंही महत्त्वाचें. नट पुरुष, चेहऱ्यावर मुखवटा, अंगावर भरपूर वस्त्रें. पाणी नाहीं, नाग नाहीं. देह मुळींच दिसत नाहीं; हालचालींतून कामच तेवढें दिसतें.

(७)

चित्रांत याच्या नेमकें उलट घडलें. कितागावा उतामारोचें आवाबी काढणाऱ्या स्त्रियांचें तीन पत्र्यांचें चित्र (इ. स. १७९७–९८ च्या सुमाराचें) जगांतील मोठमोठ्या संग्रहांत मानानें ठेवलेलें आहे. लाल कटिवस्त्रें नेसलेल्या, ओल्या मोकळ्या केसांच्या अमा किनाऱ्यावर विसावल्या आहेत. रेषा अप्रतिम, यांत वाद नाहीं. आणि भिजून दमलेल्या शरीराचा विसावाही खोटा नाहीं. पण हा शहरांतील गिऱ्हाइकासाठीं निवडलेला क्षण आहे. बुडी संपली आहे. पाहणाऱ्यापुढें उरला आहे तो देह. होकुसाईनें इ. स. १८१४ मध्यें एका शृंगारिक पुस्तकांत काढलेलें अमा व अष्टपाद यांचें चित्र आम्ही येथें वर्णन करूं इच्छीत नाहीं; त्याच्या मुळाशींही हीच रत्नाची कथा आहे असें अभ्यासकांनीं दाखविलें आहे. जी स्त्री मुलाच्या हक्कासाठीं नागलोकीं गेली तिचें तेथें काय झालें पाहा!

कुनियोशीनें या कथेवर अनेक चित्रें काढलीं, त्यांत इ. स. १८५३ च्या सुमाराचें तीन पत्र्यांचें चित्र सर्वांत प्रसिद्ध. लाटांचा खळबळाट, नागराजाची जलचरसेना आणि रत्न घेऊन निघालेली अमा. आवेशाच्या दृष्टीनें हें चित्र नाटकाच्या जवळ आहे व त्यांतील स्त्री भोगवस्तु नसून वीरांगना आहे, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. परंतु वीरांगना झाली तरी ती पुन्हां कामकरी स्त्री राहत नाहीं. पाहणाऱ्याची दृष्टि नागाच्या जबड्यावर खिळते. वर दोरी धरून कोण उभें आहे हा प्रश्न त्याच्या मनांत येतच नाहीं. कथेचें सर्व मर्म त्याच प्रश्नांत आहे : दोरी धरणाऱ्यांस हवें होतें रत्न.

छायाचित्राच्या युगांत हा दोष नाहींसा होईल असें कोणासही वाटावें. फोस्को मारायनी या इटालियन अभ्यासकानें १९५४ मध्यें हेगुरा बेटावरील अमांचीं छायाचित्रें घेतलीं. त्याचें पुस्तक १९६० मध्यें निघालें. बुडीचें प्रत्यक्ष काम त्यानें पाण्याखालीं जाऊन टिपलें, हें त्याचें श्रेय. तरी जगानें त्यांत पाहिलें तें आधीं उघडें अंगच. उलट, प्रवाशांस आज प्राचीन म्हणून दाखविण्यांत येणारा अमांचा पांढरा पोषाख हा विसाव्या शतकांत रूढ झालेला आहे. उघडें अंग काय किंवा पांढरा पोषाख काय, दोन्ही पाहणाऱ्याच्या सोयीचीं. पन्नास सेकंदांचा हिशेब दोहोंतही नाहीं.

(८)

कोणी म्हणेल, दूरदेशच्या चित्रांची एवढी चिकित्सा आमच्या संग्राहकांनीं कशास करावी? आमचें उत्तर असें कीं, वस्तु हातीं असेल तर तिचा अर्थ लावण्याची जबाबदारीही हातीं येते; आणि हा अर्थ ज्यांच्याकडून पडताळून घ्यावयाचा ते साक्षीदार झपाट्यानें कमी होत आहेत. तोबा येथील समुद्रावरील लोकजीवनाच्या संग्रहालयानें दिलेल्या आंकड्यांप्रमाणें १९५६ मध्यें जपानांत सुमारे १७,६०० अमा होत्या; २०१० मध्यें सुमारे २,१७० उरल्या. २०१७ मध्यें तोबा व शिमा येथील अमांच्या कसबास जपान सरकारनें राष्ट्राचा महत्त्वाचा लोकपरंपरागत ठेवा म्हणून मान्यता दिली. पुढें १ जानेवारी २०२४ रोजीं नोतो द्वीपकल्पांत भूकंप झाला व तेथील समुद्रतळच वर उचलला गेला. वाजिमाच्या अमांचें काम त्यामुळें थांबलें. मान्यता कागदावर राहते. तळ हालला कीं खडकांच्या ज्या खांचा आईनें मुलीस दाखविल्या त्या नाहींशा होतात. मग उरतें तें चित्र, आणि चित्र काय सांगत नाहीं तें वर दाखविलेंच आहे.

म्हणून संग्राहकांस आमची एक सूचना आहे. कष्टकरी स्त्रीचें कोणतेंही जुनें चित्र हातीं आलें, मग तें जपानी असो वा आपल्या कोंकण किनाऱ्यावरील असो, तर चित्रकाराचें नांव व सन विचारण्याबरोबरच दोन प्रश्न विचारावे : हिच्या हातांतील हत्यार कोणतें, आणि हिची दोरी कोणाच्या हातीं आहे? उत्तर चित्रांत न मिळाल्यास तें त्या गांवच्या गोष्टींत, समजुतींत व नियमांत शोधावें. खोटी म्हणून टाकून दिलेली एखादी गोष्ट तेथें अस्सल कागदाचें काम करील.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं चित्र परत करतांना सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं तें उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलें. मग म्हणाले, "म्हणजे ही पळत नाहीं, हिला कोणीतरी वर ओढीत आहे." चित्राच्या मागील कोऱ्या बाजूस 'नागकन्या' असें पेन्सिलीनें त्यांनीं लिहून ठेविलें होतें. तें खोडून त्यांनीं 'शिदोची अमा' असें लिहिलें. या लेखाचा हेतु त्याहून अधिक नाहीं. इत्यलम्.